बोडीतली बोटुकली आणि भोईपुऱ्यातला भाव

वर्षभरात ज्या आठवड्यात या मच्छीमार संस्थेच्या जाळ्यात सगळ्यांत जास्त मासळी आली, त्याच आठवड्यात तिला सगळ्यांत कमी भाव मिळाला. एखाद्या वर्षी असं झालं असतं तर नशिबाला बोल लावून मोकळं होता आलं असतं. पण वह्या मागे मागे चाळत गेलं की दर वर्षी एप्रिल-मेच्या पानांवर तेच दिसतं: वजनाचा रकाना फुगलेला, रकमेचा रोडावलेला.

संस्था नागपूर जिल्ह्यातली, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाची. पाटबंधारे खात्याचा एक लहान तलाव ठेक्याने तिच्याकडे आहे. माल नागपूरला भोईपुऱ्याच्या बाजारात एका ठरलेल्या अडत्याकडे जातो. त्याच्याशी देणं-घेणं अजून चालू असल्यामुळे संस्थेचं, गावाचं, अडत्याचं नाव इथे येणार नाही. तलावाचं नेमकं क्षेत्रही देत नाही. हिशेब सगळीकडे शंभर हेक्टरचा धरला आहे, म्हणजे इतर संस्थांना तो आपल्या तलावाशी ताडून पाहता येईल.

संस्थेच्या सचिवांनी माझ्यापुढे प्रश्न मांडला तो असा: "आंध्रच्या मासळीनं आमाले मारलं, सर. आता कराव काय?" माझं मत आधीच सांगून टाकतो. आंध्रची मासळी स्वस्त आहे म्हणून ही संस्था मार खात नव्हती. ती रोज येते, म्हणून खात होती. दोन्ही गोष्टींवरचे उपाय निराळे आहेत, आणि संस्थेने पहिली दोन वर्षं चुकीच्या दुखण्यावर औषध शोधण्यात घालवली.

एक गाडी, एक तलाव

आंध्रात कोल्लेरू सरोवराच्या आजूबाजूला, कैकलूर, आकिवीडू, भीमावरम या पट्ट्यात, नजर जाईल तिथपर्यंत मासळीची तळी आहेत. वाढवतात मुख्यतः रोहू, सोबत थोडा कटला. भाताच्या कोंड्याच्या गोण्यांना भोकं पाडून त्या बांबूला बांधून पाण्यात सोडतात, मासे येऊन चोखतात. अशा तळ्यातून हेक्टरी सहा ते दहा टन मासळी निघते.

आता आपल्याकडे बघू. भारतातल्या जलाशयांच्या मत्स्योत्पादनाचा नीट ताळेबंद व्ही. व्ही. सुगुणन यांनी 1995 मध्ये मांडला. त्यात लहान जलाशयांचं सरासरी उत्पादन वर्षाला हेक्टरी 49.9 किलो, मध्यम जलाशयांचं 12.3 आणि मोठ्यांचं 11.4 किलो निघालं. आकडे जुने आहेत. पण या संस्थेच्या वह्यांतला हिशेब लावला तर लहान जलाशयाचा तो पन्नास किलोचा आकडा तिला आजही अंगाबेताने शिवलेल्या सदऱ्यासारखा बसतो.

शंभर हेक्टरला पन्नास किलोप्रमाणे वर्षाचे झाले पाच टन. दहा टनी गाडीत मासळीला मासळीएवढा बर्फ भरला तर मासळी बसते साधारण पाच टन. म्हणजे इतक्या कुटुंबांनी वर्षभर डोंगे हाकून, थंडीत कंबरभर पाण्यात उभं राहून जे काढलं, ते आंध्रातून येणाऱ्या एका गाडीत मावतं. आणि ती गाडी तिकडच्या एका हेक्टराच्या तळ्यातून भरते. हा हिशेब मी संस्थेच्या सभेत फळ्यावर लिहिला तेव्हा बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एका तरुण सभासदाने विचारलं, "मंग आपन लढून राह्यलो कायले?" प्रश्न बरोबर होता. वजनाच्या लढाईत उतरायचंच नव्हतं.

भोईपुऱ्यात पहाटे उभं राहिलं की या लढाईचं खरं स्वरूप कळतं. आंध्रच्या गाडीतून प्लास्टिकचे क्रेट उतरतात, वरचा बर्फाचा चुरा हाताने बाजूला सारला की खाली एका मापाचे रोहू ओळीने निजवलेले. अडत्या एक उचलतो, अंगठ्याने कल्ल्याचं झाकण वर करतो, आतला लाल रंग गिऱ्हाइकाला दाखवतो आणि बोली सुरू. दुसरा क्रेट उघडून बघायची कोणाला गरज वाटत नाही, कारण त्यातही तेच आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. थोड्या वेळाने आपल्या संस्थेचा टेम्पो येतो. थर्माकोलच्या खोक्यात वर दोन किलोचा कटला, त्याखाली पाव किलोचे रोहू, मध्येच एखादा शिंघाडा नावाचा मिशाळ मासा, तळाशी चेंगरलेली चिल्लर मासळी. प्रत्येक खोकं ओतून निवडावं लागतं. निवडण्यात वेळ जातो, तेवढ्यात मोठे खरेदीदार निघून गेलेले असतात.

अडत्याशी बोललो. त्याच्यावर राग धरून गेलो होतो, पण माणूस सरळ निघाला. म्हणाला, "भाऊ, हॉटेलवाल्याले रोज चाळीस किलो पाहिजे, एका साइजचा. आंध्रवाला रोज येते. तुमची संस्था कधी येईन, किती घेऊन येईन, ते संस्थेलेच मालूम नाही राहत. मी त्याले जबान देऊ कशी?"

सावजी खानावळीत रश्श्यातल्या तुकड्याला ठरलेलं माप असतं. बंगाली कुटुंबं, आणि रेल्वेच्या काळापासून नागपुरात ती भरपूर आहेत, मोठ्या कटल्याचं डोकं मागतात. लग्नाच्या पंगतीला दीड-दोन किलोचा रोहू लागतो. यातलं काहीही संस्था खात्रीने देऊ शकत नव्हती. तलावातली मासळी चवीला उजवी, हे सगळेच मान्य करतात. मान्य करतात आणि आंध्रची घेतात.

मेमध्येच माल का निघतो, याचं उत्तर मात्र बाजारात नाही, तलावात आहे. पाणी सिंचनाचं, मालक पाटबंधारे खातं. रब्बीच्या पाळ्या सुटत जातात, फेब्रुवारीपासून तलाव आटू लागतो, मेपर्यंत मृत साठ्याच्या, म्हणजे कालव्यातून बाहेर न पडणाऱ्या तळच्या पाण्याच्या, जवळ येतो. कमी पाण्यात मासे एकवटतात, महाजाळ ओढलं की ढीग येतो. न काढावेत तर ऑक्सिजन कमी पडून मरण्याची धास्ती, शिवाय रात्रीचे चोर. म्हणून सगळ्या संस्था एकाच पंधरवड्यात काढतात आणि सगळ्यांचे टेम्पो एकाच बाजारात येऊन उभे राहतात.

त्यात नागपूरचा मे. 23 मे 2013 रोजी इथे 47.9 अंश नोंदले गेले होते, आणि 45 हा आकडा तर दर उन्हाळ्याचाच. बर्फाचं गणित सोपं आहे. एक किलो बर्फ वितळताना सुमारे 80 किलोकॅलरी उष्णता शोषतो. एक किलो मासळी तीस अंशांवरून शून्यावर आणायला साधारण 24 किलोकॅलरी काढून घ्याव्या लागतात. म्हणजे चाळीस किलोच्या खोक्याला नुसतं थंड करायलाच बारा किलो बर्फ खर्ची पडतो. खोक्याच्या बाहेरून जी झळ आत येते तिला लागणारा बर्फ वेगळा. म्हणून मासळीएवढा बर्फ हे प्रमाण कोणी उगाच ठरवलेलं नाही. संस्था मात्र बर्फ भरायची तो पावपट, कारण मेमध्ये बर्फाच्या लादीसाठी रसवंतीवाले आणि लग्नाचे कंत्राटदार रांगेत पुढे असतात आणि भाव चढलेला असतो. कल्ले तपकिरी पडलेला माल अडत्याने खालच्या भावात धरला तर त्याचं काय चुकलं?

पिंजऱ्याचा मोह

संस्थेने पहिला विचार केला पिंजऱ्यांचा. तेव्हा त्याचंच वारं होतं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना 2020 मध्ये 20,050 कोटींची म्हणून जाहीर झाली, जलाशयातल्या पिंजऱ्याला तीन लाख रुपये प्रकल्प खर्च धरून सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान. झारखंडमधल्या चांडिल धरणात विस्थापितांनी पिंजऱ्यात पंगस वाढवून दाखवला होता, त्याचे फोटो मोबाइलवर फिरत होते. पंगस म्हणजे पंगेशियस, हॉटेलात बिनकाट्याचे तुकडे म्हणून येतो तो.

मी विरोध केला, आणि आजही करीन. पिंजरा वाईट म्हणून नव्हे. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मात्स्यिकी संशोधन संस्थेने त्यावर वर्षानुवर्षं चांगलं काम केलं आहे. पण पिंजऱ्याचं जाळं चार मीटर खोल असतं, आणि त्याच्या खाली आणखी काही मीटर वाहतं पाणी हवं, नाहीतर विष्ठा आणि उरलेलं खाद्य तळाशी साठून पाणी नासतं. आमच्या तलावात मेमध्ये भिंतीजवळ जेमतेम तेवढं पाणी असतं. पिंजरा चिखलात बसला असता.

दुसरं, खाद्य. एका पिंजऱ्यात हंगामाला चार टन पंगस धरा. किलोमागे दीड किलो खाद्य, म्हणजे सहा टन. खाद्य चाळीस रुपये किलो धरलं तरी दोन लाख चाळीस हजार, आठ-दहा महिन्यांत, रोखीने, दर हंगामाला. अनुदानाने पिंजरा उभा राहील. दुसऱ्या हंगामाचं खाद्य कोण आणणार? ज्या संस्थेकडे मेमध्ये बर्फाला पैसे नसतात तिने खाद्याच्या उधारीत शिरणं म्हणजे अडत्याच्या उचलीवर आणखी एक सावकार बसवणं. आणि शेवटी तो पंगस विकायचा कुठे, तर भोईपुऱ्यात, आंध्रच्याच पंगसच्या शेजारी.

मधल्या काळात एक दलाल थाई मांगुराचं बीज घेऊन दारात आला होता. झपाट्याने वाढतो, काहीही खातो, घाण पाण्यात जगतो, हे त्याचं म्हणणं खरं होतं. नेमक्या याच कारणांसाठी त्या आफ्रिकी मांगुराच्या पालनावर देशात 2000 पासून बंदी आहे. त्याला चहा पाजून परत पाठवलं.

बोडी

उपाय सापडला तो आंध्रच्याच पद्धतीत, पण तिथल्या ज्या भागाचे फोटो कोणी काढत नाही अशा भागात.

कोल्लेरूचा शेतकरी तळ्यात इवलं बीज सोडत नाही. आधीच्या हंगामातली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, तो लहान तळ्यात दाटीने, अर्धपोटी ठेवतो. वर्षभरात ती वाढते थोडीच, पण वय होतं. मग मोठ्या तळ्यात मोकळं पाणी आणि पोटभर खाद्य मिळालं की राहिलेली वाढ भरभर भरून काढते. शास्त्रीय प्रयोगांतही हे दिसून आलं आहे. या साठ्यामुळे तिथला माणूस वर्षाच्या कुठल्याही महिन्यात तळं भरू शकतो, म्हणून कुठल्याही महिन्यात काढू शकतो. रोज येणाऱ्या गाडीचं मूळ इथे आहे.

आणि आपण काय करत होतो? ऑगस्टमध्ये ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून जेमतेम नखाएवढं बीज आणायचं, नारळ फोडायचा, तलावात ओतायचं. त्यातलं अर्धं शिंघाडा आणि मरळ यांच्या पोटात, काही पाणकावळ्यांच्या. मग सप्टेंबरात तलाव ओसंडला की उरल्यातलं कितीतरी सांडव्यावरून नाल्यात. समजा, एक लाख बीज टाकलं आणि शंभरात पाच जगले, तर पाच हजार मासे. त्याऐवजी चार इंचांची वीसच हजार बोटुकली टाकली आणि शंभरात तीस जगली, तरी सहा हजार. जलाशयात शंभर मिलिमीटरपेक्षा मोठी बोटुकली सोडावी हे संशोधक कित्येक वर्षं सांगत आले आहेत. कागदावर सगळ्यांना पटतं. अडचण एवढीच की चार इंचांची बोटुकली विकत घेणं संस्थेला झेपत नाही, ती वाढवावी लागते.

वाढवायची कुठे? पूर्व विदर्भात त्याचं उत्तर धानाच्या बांध्यांच्या (खाचरांच्या) डोक्यावर असतं: बोडी. शेताला एखादं पाणी द्यायला केलेली छोटी तळी. गावात अशा बऱ्याच बोड्या होत्या, त्यातल्या मोजक्याच फेब्रुवारीपर्यंत पाणी धरणाऱ्या. मालक शेतकरी, ढिवर नव्हेत. बोलणी झाली ती तोंडी: बोडीतला गाळ संस्थेने काढून मालकाच्या बांधीत टाकायचा, बदल्यात पावसाळ्यापासून थंडीपर्यंत बोडी संस्थेची.

अर्ध्या एकराच्या बोडीत तीस-चाळीस हजार बोटुकली दाटीने राहू शकते. नागपुरातच, तेलंगखेडीला, महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. बीज सोडण्याआधीची तयारी आम्ही तिथे विचारून केली. पाठ्यपुस्तकातली पहिली पायरी म्हणजे बोडीतले नको असलेले मासे मारून टाकणं, आणि त्यासाठी मोहाच्या पेंडीसारखं दुसरं काही नाही. पेंडीतल्या विषाने मासे वर येतात, दोन-तीन आठवड्यांत विष उतरतं आणि तीच पेंड खत होते.

इथे संस्थेतल्या बायका आडव्या आल्या. नको असलेले मासे म्हणजे कोणते, असा त्यांचा सवाल. बोडीतली ती काट्याकुट्यांची चिल्लर मासळी विकली जात नाही हे खरं, पण पावसाळ्यात घरात शिजते तीच. बाळंतिणीला देतात तीही तीच. एक आजी म्हणाली, "तुमची रोहू नागपूरले जाईन. आमच्या चुलीवर काय जाईन?" पोषणाच्या अभ्यासांत हाडासकट, डोक्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या लहान देशी माशांचं मोल मोठ्या माशांहून जास्त निघालं आहे, तेव्हा आजीचा मुद्दा शास्त्रालाही धरून होता. भंडारा-गोंदियात मनीष राजणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवर संस्थांसोबत मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळच्या, तलावांतलं बेशरम हे तण उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, त्यामागे हाच धागा आहे: तलाव हा फक्त रोहूचा कारखाना नाही. शेवटी तडजोड झाली. दोन बोड्यांत पेंड घातली. बाकीच्यांत नुसतं बारीक जाळं ओढून मरळ, शिंघाड्याची पिल्लं काढली, चिल्लर राहू दिली. त्या बोड्यांत बोटुकली कमी जगली. बायकांना ते चाललं.

बीज आलं तो दिवस पावसाचा होता. पिशव्या न फोडता बोडीच्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, आतलं-बाहेरचं तापमान एक व्हावं म्हणून. पोरांना घाई झाली होती, सचिव काठी घेऊन उभे. मग तोंड सोडून बोडीचं पाणी ओंजळीने थोडं थोडं आत, आणि मासे आपसूक बाहेर. मोजणी वाटीने: एका वाटीतली पिल्लं मोजायची आणि वाट्या धरायच्या. विकणाऱ्याची वाटी आणि आपली वाटी सारखी नसते, हे तिथेच समजलं. त्याहून वाईट पुढे नोव्हेंबरात समजलं. रोहू-कटला म्हणून घेतलेल्या एका खेपेत मृगल ही तिसरीच जात निघाली, तीही निम्म्याहून जास्त. नखाएवढ्या पिल्लांत जात ओळखणं तज्ज्ञालाही जड, आणि पावती हातानेच लिहिलेली. दुसऱ्या वर्षीपासून संस्थेने मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, आणून स्वतःच पुढे वाढवायला घेतले.

कोंडा गोंदिया-भंडाऱ्याच्या राइस मिलांमुळे मिळायला अवघड नाही. गोण्यांना भोकं पाडून बांबूला बांधायची कोल्लेरूची युक्ती जशीच्या तशी उचलली.

सगळ्यांत महत्त्वाचा बदल तारखेचा. बोटुकली तलावात सोडली ती पाऊस संपून सांडवा बंद पडल्यावर, दिवाळीनंतर. आणि एक बोडी मुद्दाम राखून ठेवली, जिच्यातली बोटुकली उपाशीच ठेवून पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला सोडायची. ही शेवटची गोष्ट पहिल्या वर्षी फसली. मार्चमध्ये बोडी आटली आणि बोटुकली घाईने विकावी लागली. बोडी खोल केल्याशिवाय आंध्रची नक्कल विदर्भात पूर्ण होत नाही.

बाजारात काय हललं

तलावात मोठी बोटुकली आल्याने मासे जास्त मापाचे निघू लागले, एवढ्यावर भाव वाढत नाही. काढणी फोडावी लागली. संस्थेने ठरवलं की महाजाळ मेपर्यंत बंद. ऑक्टोबरपासून मोठ्या आसाचं (छिद्राचं) नायलॉनचं तंगूस जाळं लावायचं, म्हणजे किलोच्या आतला मासा निसटून जाईल. ठरलेल्या तीन वारी, बुधवार, शुक्रवार, रविवार, थोडाच माल, पण नेमाने. आखाडात मागणी चढते तेव्हा थोडा जास्त, श्रावण आणि नवरात्रात जवळजवळ बंद.

सभासदांना हे पटवणं बोडीपेक्षा कठीण गेलं. जाळ्यातून मासा सोडून द्यायचा? त्याला उद्या शेजारच्या गावचा चोर नेणार नाही कशावरून? हा संशय आजही पूर्ण मिटलेला नाही, आणि पहिल्या हंगामात दोघा-तिघांनी रात्री लहान आसाचं जाळं लावलंच. मृत साठ्याजवळ पाणी आल्यावर मेमध्ये महाजाळ ओढावं लागतं तेही टळलेलं नाही, फक्त तेव्हा निघणाऱ्या मालाचा वाटा घटला.

अडत्याने हॉटेलवाल्याला आठवड्यातल्या तीन दिवसांची जबान दिली. भाव चढला, पण जादू झाली नाही. जास्त फायदा झाला तो अडत्याकडे न गेलेल्या मासळीत. सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि मरळ टबात तासन्‌तास जिवंत राहतात. कटल्याचा जीव नाजूक, तो पाण्याबाहेर काढला की संपला. म्हणून बायकांनी रविवारी रस्त्यालगत टब मांडले आणि जिवंत मासे विकायला घेतले. नागपूरहून फिरायला येणारी गिऱ्हाइकं गाडी थांबवतात, फडफडणारा मासा पाहतात आणि घासाघीस कमी करतात.

यामागे 2018 ची आठवण आहे. त्या जूनमध्ये केरळात फॉर्मेलिन हे टिकवण्याचं रसायन घातलेली मासळी पकडली गेली, पाठोपाठ आसाम आणि गोव्याने बाहेरच्या मासळीवर काही दिवस बंदी घातली. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कागदी पट्टीवर रंग बदलून फॉर्मेलिन दाखवणारा तपासणी संच आधीच तयार केला होता, तो तेव्हा सगळीकडे गाजला. आंध्रच्या सगळ्या मासळीत औषध असतं असं म्हणणं अन्यायाचं आहे, बर्फात नीट भरलेल्या मालाला त्याची गरजच नसते. पण संशय एकदा बसला की जिवंत माशासारखा पुरावा नाही. गंमत म्हणजे या संशयामुळे शहरातल्या कित्येक पाट्यांवरची मासळी बोलताबोलता 'गोसेखुर्दची' होते, मग ती कुठल्याही गाडीतून उतरलेली असो. आणि गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात नाग नदीचं सांडपाणी कन्हानमार्गे जाऊन मिसळतं, याबद्दल मात्र गिऱ्हाईक विचारत नाही.

सचिवांना 2025 मध्ये आणखी एक धास्ती लागली, आणि ती दूरची वाटली तरी बिनबुडाची नव्हती. देशाच्या मासळीत गोड्या पाण्याचा वाटा मोठा: 2022-23 मध्ये 175 लाख टनांपैकी 131 लाख टन अंतर्देशीय. पण बातम्या होतात निर्यातीच्या, आणि निर्यात म्हणजे मुख्यतः कोळंबी. 2023-24 मध्ये 60,523 कोटींच्या निर्यातीपैकी 40 हजार कोटींची एकटी गोठवलेली कोळंबी, सर्वांत मोठं गिऱ्हाईक अमेरिका. 27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने भारतीय मालावरचं आयात शुल्क 50 टक्क्यांवर नेलं, कोळंबीवर आधीची शुल्कं धरून ते 58 टक्क्यांच्या घरात गेलं. आता नागपूरच्या ढिवराला याचं काय? आंध्रच्या गोदावरी जिल्ह्यांत कोळंबीत चांगला पैसा दिसला तेव्हा कित्येकांनी रोहूची तळी मोडून व्हॅनामी कोळंबी घातली होती. कोळंबी परवडेनाशी झाली की तीच तळी रोहूकडे परत वळू शकतात. तसं झालं तर भोईपुऱ्यात उतरणाऱ्या क्रेटांची संख्या वाढेल. वॉशिंग्टनमधल्या सहीचा परिणाम आपल्या टेम्पोतल्या खोक्यावर होतो तो असा. म्हणून मी संस्थेला सांगितलं की किलोभर रोहूवरच सगळी भिस्त ठेवू नका. मोठा कटला आणि जिवंत मरळ यांत आंध्रची गाडी तितकीशी उतरत नाही.

समुद्राच्या मासळीची स्पर्धा त्या मानाने किरकोळ. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 5 जून 2025 रोजी पूर्ण खुला झाल्यापासून मुंबईचं पापलेट नागपूरला लवकर पोचू शकतं. 2023 मध्ये पापलेट राज्यमासा झाला, तरी नागपूरच्या रविवारच्या रश्श्यात त्याला अजून पाहुण्याचीच जागा आहे.

अडलेलं

एप्रिल 2025 मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. कर्ज, वीज, विमा यांत शेतकऱ्यासारख्या सवलती मिळाव्यात हा त्यामागचा हेतू. संस्थेला त्यातून एकच गोष्ट हवी आहे, बर्फाची. लहान बर्फयंत्राला शेतीच्या दराने वीज मिळाली तर मेच्या रांगेतून सुटका होईल. त्याचे कागद सध्या तयार होताहेत. मत्स्य संपदा योजनेतली बर्फपेटीची मोटारसायकल, जिला 75 हजारांचा खर्च धरतात, ती महिला गटाच्या नावाने मागायची असं ठरलं आहे. माझ्या मते पिंजऱ्यापेक्षा तिचा उपयोग दसपट.

बोडीचा करार मात्र अडला आहे. गाळ काढून झाला, बांधीत पसरला, धान चांगलं आलं. आता मालकांना कळलं आहे की बोडीत पैसा आहे, आणि दोघांनी पुढच्या वर्षीचं भाडं रोखीने मागितलं आहे. एकाने तर स्वतःच बीज टाकायचं मनावर घेतलंय. संस्थेपुढे दोनच वाटा दिसतात: तलावाच्याच एका खाडीला बारीक जाळ्याचं कुंपण घालून तिथे बोटुकली वाढवायची, ज्याला पाटबंधारे खात्याची परवानगी लागेल, नाहीतर बोडीवाल्यांना बोटुकली पिकवायला लावून ती त्यांच्याकडून विकत घ्यायची. दुसरी वाट मला पटते. शेतकऱ्याला दोन पैसे मिळतील, संस्थेची राखण वाचेल, आणि वाटीने मोजायचं भांडण निदान गावातल्या गावात राहील. सभासदांना पहिली पटते, कारण तलाव आपला आहे. ठेक्याची मुदत संपायला आली आहे, आणि नूतनीकरण होईपर्यंत यातलं काहीच लेखी होणार नाही. बीज मात्र जुलैतच आणावं लागेल.